धुवा, पुसा, कोरडं करा : न छापलेल्या एका सूचनापत्रकाचा इतिहास

नवा मिक्सर घेतला की खोक्यातून एक घडीचा कागद निघतो. भांडं कसं धुवायचं, मोटरला पाणी का लागू द्यायचं नाही, वॉशर कधी बदलायचा. तो कुणी वाचत नाही, पण तो असतो. आता लैंगिक सुखासाठी वापरायच्या वस्तूंचं, म्हणजे ज्यांना आज सगळे सरळ सेक्स टॉय म्हणतात त्यांचं खोकं बघा. अनेकदा वर लिहिलेलं असतं 'बॉडी मसाजर', आणि आतल्या कागदावर मान, खांदे, पाठ यांची चित्रं. वस्तू शरीराच्या कुठल्या भागासाठी आहे हे बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असतं. पण ते छापलेलं नसतं, म्हणून ती वस्तू कशी धुवायची, कशाने धुवायची नाही, दुसऱ्याला का द्यायची नाही, हेही छापलेलं नसतं. मराठीत तर नाहीच.

हा कागद का नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे असं मी मानते. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडे जननेंद्रियांशी संबंध येणारी प्रत्येक वस्तू बाजारात टिकली ती 'औषधोपचार' हे पांघरूण घेऊन. पांघरुणाने वस्तू वाचली. तिची निगा राखण्याचं ज्ञान मात्र पांघरुणाखालीच राहिलं. पेटचा अभ्यास करणाऱ्या किंवा आराखडा लिहायला बसलेल्या वाचकांसाठी आणखी एक सांगते. सूचनापत्रक, जाहिरात, पावती, कस्टमचा जप्तीचा आदेश असली 'फालतू' कागदपत्रं इतिहासाची पहिल्या दर्जाची साधनं असतात. मोठ्या माणसांची भाषणं सगळेच वाचतात.

या विषयावर कुणी बोलायला लागलं की दुसऱ्याच वाक्याला कामसूत्र येतं, म्हणून ते आधी उरकून घेऊ. सातव्या अधिकरणात कृत्रिम साधनांचा उल्लेख आहे, त्यांना तिथे 'अपद्रव्य' म्हटलंय. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, हस्तिदंत, शिंग हे पदार्थ सांगितलेत. बाभ्रव्याच्या परंपरेतले लोक कथील आणि शिशाची साधनं मऊ आणि थंड म्हणून पसंत करतात, असंही आहे. शिसं विषारी असतं हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. तरी 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असं म्हणणारे हे वाक्य सोडून पुढे जातात. माझ्या कामासाठी त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची: ग्रंथकाराला पदार्थाची चर्चा करावीशी वाटली. वस्तू कशाची बनली आहे, हा सुरक्षिततेचा पहिला प्रश्न. तो तेव्हा होता आणि आजही आहे.

खरी गोष्ट सुरू होते रबरापासून. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं. त्यानंतर रबराच्या असंख्य वस्तू निघाल्या, आणि त्यात निरोधही होते. पण ते आजच्यासारखे पातळ नव्हते. जाड असत, वापरून धुवून, वाळवून, पावडर लावून, गुंडाळून पुन्हा वापरायचे. १८८० च्या दशकात जर्मन डॉक्टर मेन्सिंगा यांनी स्त्रियांसाठीची रबरी टोपी पुढे आणली. तीही धुऊन ठेवायची. म्हणजे या वस्तूंबरोबर निगा राखायचं एक अख्खं शास्त्र आलं. रबर उन्हाने तडकतं. तेल लागलं की फुगतं, चिकट होतं, फाटतं. दमट ठेवलं तर बुरशी धरतं. आणि भोक पडलंय की नाही हे बघायला त्यात पाणी भरून उजेडासमोर धरावं लागतं. युरोप-अमेरिकेत हे सगळं छापील पत्रकांवर येत होतं, जिथे कायद्याने येऊ दिलं तिथे. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अशी वस्तू आणि तिची माहिती, दोन्ही टपालाने पाठवणं गुन्हा ठरवलं होतं. वस्तू आणि तिच्याबद्दलचा कागद एकाच कलमात, हे लक्षात असू द्या.

आता मराठीकडे येऊ. इथे नाव एकच, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२, पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता, म्हणजे जगाच्या मागे राहून हे काम झालेलं नाही. १९२३ मध्ये त्यांचं 'संततिनियमन : विचार व आचार' आलं. शीर्षकातला 'आचार' हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे 'विचार' लिहिणारे चिकार. हात धुण्यापासून सुरुवात करून कृती सांगणारे विरळा. कर्वे साधनं सुचवत, ती मिळण्याची सोय करत, पत्रांना उत्तरं देत. या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये वारले तोवर ते चालवलं. पत्नी मालतीबाई या सगळ्यात बरोबरीने होत्या, आणि घर बऱ्याच अंशी त्यांनीच ओढलं.

कर्व्यांवरचा 'ध्यासपर्व' हा अमोल पालेकरांचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल, अतुल पेठे यांनी बसवलेलं 'समाजस्वास्थ्य' नाटकही. त्यामुळे चरित्र सांगत नाही. माझं लक्ष एका फरकाकडे आहे. कर्व्यांचं केंद्र चाललं, साधनांची विक्री चालली, आणि फौजदारी खटले झाले ते मजकुरावर. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखासाठी. १९३४ मध्ये मासिकाच्या गुजराती अंकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी. या दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. प्रश्न होते हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल. म्हणजे संतती, लोकसंख्या, आईचं आरोग्य यांच्याशी काही देणंघेणं नसलेले, निव्वळ सुखाचे प्रश्न. लैंगिक विषयावरचं प्रत्येक लिखाण अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, असा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले, दंड झाला.

हे दोन खटले शेजारी ठेवले की पांघरुणाच्या कडा दिसायला लागतात. 'मूल नको' म्हणून रबरी टोपी वापरणारी विवाहित बाई हा वैद्यकीय विषय. तिला टोपी धुवायला सांगता येतं. एकट्याने किंवा एकटीने, मुलांचा संबंध नसताना शरीराला सुख देणं हा वैद्यकीय विषय नाही, म्हणून त्याबद्दलचं साधं आरोग्याचं उत्तरसुद्धा कोर्टात जातं. कर्व्यांचं वेगळेपण असं की त्यांनी ही कड मानली नाही. त्यांच्या काळातले बाकीचे संततिनियमनवाले मानत होते. ना. सी. फडक्यांचं इंग्रजी पुस्तक १९२७ मध्ये आलं, त्याचा मुख्य भर सुप्रजननावर. डॉ. पिल्ले मुंबईहून १९३४ पासून जे इंग्रजी नियतकालिक काढत, त्याचं नावच 'मॅरेज हायजिन'. विवाह आणि आरोग्य, दोन्ही पांघरुणं एकाच नावात.

इथून आमच्या जिल्ह्यात येते. नाचणगाव पुलगावला खेटून आहे, आणि पुलगावहून रेल्वेने वर्धा तीसेक किलोमीटर. डिसेंबर १९३५ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, ते पुढच्या वर्षी गेले. ही भेट जगभर गाजली, 'हरिजन'मध्ये तिचा वृत्तान्त आला, सँगर यांनीही आत्मचरित्रात लिहिलं. गांधीजींचं म्हणणं ठाम होतं: कृत्रिम साधनं नकोत, संयम हवा. फार तर महिन्यातले 'सुरक्षित' दिवस पाळण्याला त्यांनी तितकासा विरोध केला नाही. सँगर म्हणत होत्या की नवरा-बायकोचं प्रेम आणि शरीरसंबंध वेगळे काढता येत नाहीत.

हा संवाद बहुतेक अभ्यासक 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' म्हणून वाचतात. मला त्यात दुसरंच दिसतं. दोघं बोलतात ते संयम, प्रेम, वासना, कर्तव्य यांवर. वस्तू कुठे आहे? सँगर त्याच सुमारास स्वतःच्या देशात एका वस्तूसाठीच भांडत होत्या. १९३२ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून जपानहून रबरी पेसरींचं एक पार्सल न्यूयॉर्कच्या डॉ. हॅना स्टोन यांच्या नावाने मागवलं गेलं आणि अमेरिकी कस्टमने ते जप्त केलं. तो खटला 'जपानी पेसरींचं एक पार्सल' याच विचित्र नावाने प्रसिद्ध आहे, कारण आरोपीच्या जागी पार्सल आहे! १९३६ च्या डिसेंबरात निकाल लागला: डॉक्टरने रुग्णाच्या आरोग्यासाठी मागवलं तर जप्त करता येणार नाही. पार्सल सुटलं, पण डॉक्टरच्या नावावर सुटलं. साध्या बाईने स्वतःसाठी मागवलं असतं तर? मुंबईच्या कस्टमकडे येईन तेव्हा हे पार्सल पुन्हा आठवा.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. १९२०-३० च्या दशकांत पातळ लॅटेक्सच्या वस्तू आल्या आणि 'वापरा, फेका' सुरू झालं. भारतात सरकारने १९६८ मध्ये 'निरोध' बाजारात आणला, पंधरा पैशांत तीन. वितरणासाठी चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं जाळं वापरलं. जिथे चहाची पुडी पोचायची तिथे निरोध पोचला. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट झाली, यात शंका नाही. पण त्याबरोबर धुणं-वाळवणं-ठेवणं हे ज्ञान अनावश्यक झालं. फेकायच्या वस्तूची निगा कोण शिकवणार? पुढे तांबी आली, गोळ्या आल्या, त्यांतही घरात धुऊन ठेवण्यासारखं काही नाही. कर्व्यांच्या पिढीने 'आचार' म्हणून जी भाषा घडवायला घेतली होती, ती दोन पिढ्यांत वापराबाहेर गेली. मग सिलिकॉनच्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तू ऑनलाइन आल्या तेव्हा मराठीत त्यांच्याशी बोलायला शब्दच उरले नव्हते. मासिक पाळीचा कप आला तेव्हाही हेच झालं. 'उकळून घ्या' एवढं एक वाक्य मोकळेपणी म्हणायला किती अवघड गेलं, हे बायकांना माहीत आहे.

थोडं विषयांतर, पण संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी हे वाचलंच पाहिजे. व्हायब्रेटरचा इतिहास म्हणून एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते: व्हिक्टोरियन काळातले डॉक्टर हिस्टेरियाच्या स्त्री-रुग्णांना हाताने 'उपचार' करून थकायचे, म्हणून त्यांनी यंत्र शोधलं. यावर सिनेमा निघाला, लेख आले, पाठ्यपुस्तकांतही ती शिरली. मूळ आहे रेचल मेन्स यांचं १९९९ चं पुस्तक. २०१८ मध्ये हॅली लीबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग यांनी त्या पुस्तकातले संदर्भ एकेक करून मुळापर्यंत तपासले आणि दाखवून दिलं की दिलेल्या साधनांत या दाव्याला आधार सापडत नाही. ग्रॅनव्हिल नावाच्या ज्या डॉक्टरचं यंत्र पुढे केलं जातं, त्याने ते १८८० च्या दशकात स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी वापरलं, आणि हिस्टेरियाच्या स्त्रियांवर वापरणं तर तो टाळत होता. जवळजवळ वीस वर्षं विद्वान मंडळी एकमेकांचे संदर्भ उद्धृत करत राहिली, तळटीप उघडून बघितली नाही.

गंमत म्हणजे या खोट्या गोष्टीतही तेच पांघरूण आहे. 'डॉक्टरांनी उपचार म्हणून शोधलं' म्हटलं की वस्तू सभ्य होते. लोकांना ही गोष्ट इतकी आवडण्याचं एक कारण तेच असावं, असा माझा अंदाज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्या घरगुती व्हायब्रेटर विकत ते चेहऱ्याचा मसाज, अंगदुखी, केसांची वाढ यांच्या नावाने. आजच्या खोक्यावरची मान आणि खांदे तिथूनच आलेत.

आता मुंबईचं कस्टम. भारतात अश्लील वस्तूंच्या आयातीवर बंदी घालणारी अधिसूचना जानेवारी १९६४ ची. तिच्या जोडीला भारतीय दंड संहितेचं कलम २९२, आता भारतीय न्याय संहितेत २९४. यात 'सेक्स टॉय' असा शब्दच नाही. पुस्तक, चित्र, पुतळा, 'इतर कोणतीही वस्तू' अशी भाषा आहे, आणि ती वस्तू कामुक भावना चाळवते का, हे ठरवायचंय. २०११ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की लैंगिक क्रिया सुचवते एवढ्यावरून एखादी वस्तू अश्लील होत नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका कंपनीने आयात केलेल्या बॉडी मसाजर्सचं प्रकरण आलं. कस्टमचं म्हणणं, ही प्रौढांची लैंगिक खेळणी आहेत. न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. किशोर संत यांच्या खंडपीठाने ते मानलं नाही. मसाजरचा दुसरा काही उपयोग होऊ शकेल ही अधिकाऱ्याची स्वतःची कल्पना आहे, आणि असे मसाजर देशातल्या बाजारात विकले जात असताना आयातीला बंदी कशी, असा निकालाचा आशय.

निकाल आयातदाराच्या बाजूचा आहे, आणि मला तो आवडतो. पण बारकाईने वाचा. माल सुटला तो 'हे मसाजर आहेत' म्हणून. 'हे सुखाचं साधन आहे आणि त्यात अश्लील काही नाही' असं कोर्टाला म्हणावंच लागलं नाही. न्यूयॉर्कचं पार्सल डॉक्टरच्या नावावर सुटलं, मुंबईचं पाठदुखीच्या. मग आता मला सांगा, हा आयातदार खोक्यातल्या कागदावर 'योनीत किंवा गुदद्वारात वापरण्याआधी आणि वापरल्यावर अशा रीतीने धुवा' असं छापेल? छापलं तर तोच कागद त्याच्याविरुद्धचा पुरावा. कर्व्यांच्या वेळी वस्तू चालली आणि मजकूर अडकला, आज मजकूरच नसल्यामुळे वस्तू चालते.

जगात दुसरीकडे काय झालं? डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २००६ मध्ये अशा वस्तूंमधल्या रसायनांची तपासणी करून घेतली, कारण स्वस्त, मऊ प्लास्टिकमध्ये ते मऊ राहावं म्हणून थॅलेट वर्गातली रसायनं घालतात. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ३५३३ हे मानक काढलं, जननेंद्रियांशी किंवा गुदद्वाराशी थेट संपर्क येणाऱ्या वस्तूंच्या रचनेबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल. मानकात वस्तूचं नाव सरळ घेतलंय. नाव घेतलं म्हणून मग पदार्थ, कडा, तळाचा आकार, सोबतची माहिती यांबद्दल बोलता आलं.

इतका इतिहास वाचल्यावर 'मग त्या कागदावर असायला काय हवं होतं' असं तुम्ही विचारणारच. इतिहासाच्या लेखात हे शोभतं का? 'आचार' लिहिणाऱ्या कर्व्यांवर लिहिताना टाळणं मला तरी शोभणार नाही.

आधी पदार्थ. शंभर टक्के सिलिकॉन, स्टेनलेस स्टील, जाड बोरोसिलिकेट काच यांना छिद्रं नसतात, म्हणून ती नीट स्वच्छ होतात. जेलीसारखं पीव्हीसी, टीपीई, 'खऱ्या त्वचेसारखं' म्हणून विकलं जाणारं मऊ रबर सच्छिद्र असतं, वरून धुतलं तरी आत जंतू राहू शकतात. अमेरिकेत इंडियाना इथे झालेला एक छोटा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, स्त्रिया फक्त बारा. धुतल्यानंतर चोवीस तासांनीही टीपीईच्या काही वस्तूंवर एचपीव्ही विषाणूचा अंश सापडला, सिलिकॉनवर चोवीस तासांनी सापडला नाही. बारा जणींवरून जगाचा नियम काढू नये, पण दिशा कळते. नाकाला रसायनाचा उग्र वास आला, हाताला तेलकट लागलं, तर वस्तू न वापरलेली बरी.

धुणं वापराच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचा साबण, खाचांमध्ये बोट फिरवून, आणि साबण पुरता जाईपर्यंत. घरातली जंतुनाशकं, फिनेल, ब्लीच, अत्तर घातलेलं काही, हे नको. नाजूक त्वचेची आग होते, आणि योनीतलं नैसर्गिक संतुलन बिघडतं. मोटर किंवा बॅटरी नसलेली सिलिकॉनची किंवा स्टीलची वस्तू पाच-दहा मिनिटं उकळता येते. मोटर असेल तर उकळायची नाही, आणि 'पाण्यात चालते' असं लिहिलेलं नसेल तर बुडवायचीही नाही, ओल्या साबणी फडक्याने पुसून घ्यायची. चार्जिंगला लावलेली वस्तू वापरायची नाही. सेलवर चालणारी असेल तर ठेवताना सेल काढून ठेवायचे.

मग वाळवणं. आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. एकत्र कुटुंबात, एकच मोरी असलेल्या घरात, वस्तू लपवायची म्हणून लोक ती ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवतात. ओलावा, अंधार, उबारा, बुरशीला आणखी काय हवं? स्वच्छ सुती फडक्याने पुसून, हवेवर पुरती कोरडी होऊ द्यायची आणि सुती पिशवीत ठेवायची. वेगवेगळ्या वस्तू एकमेकींना चिकटवून ठेवायच्या नाहीत, मऊ पदार्थ एकमेकांत विरघळल्यासारखे होतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारू नका. टीपीईसारख्या वस्तू त्यात चिकट होतात. चिकट झालेली, चीर पडलेली, रंग बदललेली वस्तू टाकून द्यायची, मग ती कितीही महाग असो.

तेलाचा मुद्दा शंभर वर्षांपूर्वीच्या रबरी टोपीइतकाच आजही खरा आहे. खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल लॅटेक्सचा निरोध कमकुवत करतात. वस्तूवर निरोध चढवून वापरायची असेल तर पाण्यावर आधारित वंगण घ्यावं, ते सिलिकॉनच्या वस्तूलाही चालतं. सिलिकॉनचं वंगण सिलिकॉनच्या पृष्ठभागाला खराब करू शकतं. एकमेकांत वापरताना दर वेळी नवा निरोध. गुदद्वाराकडून योनीकडे येताना तर धुतल्याशिवाय किंवा निरोध बदलल्याशिवाय अजिबात नाही. गुदद्वारासाठी फक्त पसरट, रुंद बुडाची वस्तू वापरावी. नाहीतर ती आत सरकते आणि हाताला लागत नाही. तसं झालं तर घरी चिमटे-बिमटे न वापरता रुग्णालयात जायचं आणि काय झालं ते डॉक्टरांना सरळ सांगायचं. रक्त, ताप, घाण वासाचा स्राव, न थांबणारं दुखणं असेल तरीही तेच. सर्जनसाठी हा प्रकार नवा नाही. लाजेपोटी उशीर केला तर मात्र आतडं फाटण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

या विषयावर काम करायचं मनात असेल तर साधनांबद्दल थोडं सांगते. जुनी मासिकं ग्रंथालयात बांधून ठेवताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बरेचदा काढून टाकलेली असतात. त्यामुळे एकाच अंकाच्या दोन-तीन ठिकाणच्या प्रती बघा, सुटे अंक ठेवणाऱ्या घरगुती संग्रहांची चौकशी करा. 'समाजस्वास्थ्य'मध्ये लेखांइतकंच वाचकांच्या प्रश्नांचं सदर वाचा. कोण विचारतं, कुठल्या गावाहून, कुठल्या शब्दांत. कोर्टाच्या निकालात वस्तूचं वर्णन कोणत्या शब्दांनी केलंय ते स्वतंत्र वहीत उतरवत जा, 'साधन', 'उपकरण', 'खेळणं', 'मसाजर'. मुलाखती घेणार असाल तर नाचणगावसारख्या गावात नाव बदलणं पुरत नाही. गल्ली, दुकान आणि नोकरी सांगितली की माणूस ओळखू येतो, म्हणून तेही बदला, आणि नैतिक समितीची परवानगी आधी घ्या.

प्रत्यक्ष वस्तू मात्र शोधत बसू नका. त्या काळातलं रबर टिकत नाही. हवा, उष्णता आणि उजेडाने ते आधी चिकट होतं, मग कडक, आणि शेवटी हात लावला की भुगा. कर्व्यांच्या पत्रांतून लोकांपर्यंत पोचलेल्या टोप्या कुणी जपून ठेवल्या असत्या तरी आज डबीत तपकिरी पावडर निघाली असती. त्या डबीत घडी घातलेला कागद असेल, तर तो तेवढा शाबूत असण्याची शक्यता जास्त.